ऐकणारे घर

दिवेलागण झाली, तुळशीपुढे पणती तेवू लागली, की घरातल्या पोरांना ओटीवर बसवून परवचा म्हणायला लावायचा, ही चाल महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. आधी शुभंकरोती, मग वार, तिथी, महिने, नक्षत्रे, मग तीसपर्यंतचे पाढे आणि त्यापुढे खरी कसोटी: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज या नावांची गंमत वाटते, पण सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा आणि चाळीस शेरांचा मण असलेल्या बाजारात ज्याला पाऊणकी येत नाही त्याला वाणी उघड्या डोळ्यांनी फसवू शकत होता. परवच्याकडे आपण घोकंपट्टीचा नमुना म्हणून पाहतो आणि हसून सोडून देतो. मला त्यातली वाटणी महत्त्वाची वाटते. शिकवण्याचे काम सकाळी पंतोजीने किंवा मास्तरने केलेले असे. संध्याकाळी घर फक्त ऐकत असे. आजी चुलीपाशी भाकरी थापत आहे, आजोबा ओटीच्या कडेला सुपारी कातरत आहेत आणि पोर ‘सतरा सत्ते’ला अडखळले, की दोघांच्याही ते लक्षात यायचे. त्यासाठी सतरा सत्ते किती हे आजीला ठाऊक असायलाच हवे असे नव्हते. ताल तुटला, आवाज खाली गेला, एवढे तिला पुरत असे.

घरी बसून पडद्यावरून शिकणाऱ्या मुलाचे शिक्षण कशाने तडीस जाते, हा प्रश्न २०२० नंतर घराघरांत विचारला गेला आणि उत्तरादाखल यंत्रांची यादी पुढे आली: फोन कोणता, नेट किती, वेगळी खोली आहे का, आई-वडील किती शिकलेले. ही यादी खोटी नाही, पण ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा इतिहासात स्पष्ट दिसतो. गेल्या दोनशे वर्षांत घरातल्या शिक्षणाची साधने चारपाच वेळा बदलली. दर वेळी जिथे घराला मुलाचे शिकणे ऐकू येत होते तिथे साधन कामी आले आणि जिथे ते ऐकू येणे थांबले तिथे चांगले साधनही वाया गेले. हे म्हणणे तपासायला एखादा सुखवस्तू पुणेरी वाडा घेण्यात अर्थ नाही, तिथे बाकीचे सगळेच होते. ते ओव्यासारख्या गावावर तपासले पाहिजे.

ओवे हे पनवेल तालुक्यातले, खारघरच्या डोंगराकडचे गाव. आज त्याच्या आसपास खारघरचे सेक्टर, सेंट्रल पार्क, गोल्फ कोर्स आणि मेट्रोचे खांब आहेत, पण या पट्ट्याचा जुना इतिहास भाताचा, मिठागरांचा आणि खाडीचा आहे. इथली वस्ती मुख्यत्वे आगरी. आगरात राबणारा तो आगरी, अशी त्या नावाची फोड सांगतात. आगर मिठाचे असो की भाताचे. तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात गेला, आणि कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ साली. पनवेल हे बंदर आणि बाजारपेठ, तिथे नगरपालिका १८५२ सालीच आली. तिथून तीनेक कोसांवरचे ओवे नगराच्या हद्दीत यायला मात्र २०१६ उजाडले. परवच्याची ओटी या दोन गावांत सारखी नव्हती, हे आधीच कबूल केले पाहिजे. मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची जी मोजदाद १८२० ते १८३० या दशकात झाली आणि जी पुढे रा. वि. परुळेकरांनी ग्रंथरूपात छापली, तिच्यात सुमारे १,७०० शाळा आणि ३५ हजारांच्या आसपास विद्यार्थी दिसतात. इलाख्याची तेव्हाची लोकसंख्या ४५ लाखांच्या वर होती. म्हणजे शंभरात एकही नाही. जे होते ते बहुतेक ब्राह्मण, वाणी, सोनार अशा घरांतले मुलगे. मुली जवळपास नाहीत, आणि राबणाऱ्या जातींची मुले फारच थोडी. जोतीराव फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर आयोगापुढे निवेदन दिले त्यात हेच दुखणे मांडले होते: शेतसारा रयत भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

तेव्हा परवचा हा ‘आपला वारसा’ म्हणून ओव्यावर लादता येणार नाही. परवचा हे केवळ एक रूप आहे. ऐकून शिकण्याची आणि घराने ऐकत राहण्याची रीत आगरी घरात वेगळ्या वाटेने होतीच, आणि तिचा पुरावा म्हणजे धवलारीण. आगरी-कोळी लग्नात विधी चालवणारी ही बाई धवले गाते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचे गाणे वेगळे, आणि हे सगळे तोंडपाठ. जिने शाळेचे तोंड पाहिलेले नाही अशा बाईच्या डोक्यात लग्नाची सबंध संहिता असते, ती तिने दुसऱ्या धवलारणीच्या मागे बसून, धरपद धरून उचललेली असते. मांडवात एखादे कडवे चुकले तर बाकीच्या बायका लगेच ओळखतात, कारण त्याही लहानपणापासून ते ऐकत आल्या आहेत. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात या गोष्टीला काही भारदस्त नाव असेल. सांगायचे एवढेच, की ज्या घराला आपण ‘शिक्षणाचे वातावरण नसलेले घर’ म्हणतो त्या घराचा कान शिकलेला होता. शाळेने तो कान कधी वापरला नाही, हा दोष घराच्या माथी मारता येत नाही.

शाळेने कान वापरला नाही म्हणजे काय केले, हे जरा खोलात पाहण्यासारखे आहे. पंतोजीची शाळा मुळात ओटीवर, पडवीत, देवळात भरे. धुळपाटीवर बोटाने किंवा काडीने अक्षरे गिरवायची, ती गिरवताना मोठ्याने म्हणायची, आणि थोरल्या मुलाने धाकट्याला सांगायचे. मद्रासेत १७८९ पासून अनाथ मुलांची शाळा पाहणाऱ्या अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मलबारी मुलांना वाळूवर लिहिताना पाहिले आणि थोरल्याने धाकट्याला शिकवण्याची पद्धत १७९७ साली लंडनला पुस्तक छापून ‘मद्रास पद्धत’ म्हणून विकली. ती पुढे इंग्रजी शाळांत गाजली आणि फिरून आपल्याकडे सुधारणा म्हणून आली! असो. सरकारी शाळांबरोबर छापील पुस्तक आले, पाटी आली, मग वही आली, आणि घरच्या अभ्यासाचा ‘गृहपाठ’ झाला. या बदलाची नोंद फारशी कोणी घेत नाही. परवचा कानाने तपासता येत होता. गृहपाठ डोळ्यांनी तपासावा लागतो. वही समोर धरलेल्या निरक्षर आईला त्यात काय बरोबर आणि काय चूक हे कळण्याचा मार्गच उरला नाही. सही किंवा अंगठ्यापुरती ती उरली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी चलनात आली, पाठोपाठ किलो-मीटर आले, आणि पावकी-निमकीची बाजारातली गरज संपली. ती गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. दशमान पद्धत सोपी आणि न्याय्य आहे. पण पाढ्यांबरोबर दिवेलागणीची ती घटकाही गेली, आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, स्वस्त आणि सुबक पाठ्यपुस्तके खेड्यापाड्यांत पोचली, आणि खुद्द बालभारतीच्या कविता मुलांनी मोठ्याने म्हणाव्यात अशाच होत्या. तरी घरात पुस्तक उघडायचे ते मुकाट्याने, हीच शिस्त समजली गेली. ‘गप बसून अभ्यास कर’ हे वाक्य त्या शिस्तीचे.

आता ध्वनीची आणि चित्राची साधने. इथे महाराष्ट्राच्या हाताशी एक असा पुरावा आहे की तो ऑनलाइन शिक्षणाच्या चर्चेत कोणी का आणत नाही याचे नवल वाटते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने ‘रेडिओ रूरल फोरम’ नावाचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे १५० गावे निवडली. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचा गट, त्याला एक निमंत्रक. सर्वांनी एकत्र बसून ऐकायचे, संपल्यावर बोलायचे, आणि पडलेले प्रश्न पुण्याला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले, ते काम पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञाने पाहिले. त्याची खरी हुशारी तुलनेत होती. गट असलेली गावे, रेडिओ आहे पण गट नाही अशी गावे, आणि रेडिओच नाही अशी गावे, या तिन्हींत प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना काय माहीत आहे ते तपासले. गट असलेल्या गावांतले ज्ञान ठळकपणे वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फार थोडा फरक पडला. कार्यक्रम तोच, निवेदक तोच, लहरी त्याच. फरक पडला तो ऐकल्यानंतर माणसांनी एकमेकांना ऐकवल्याने.

हे शेतकऱ्यांबाबत झाले, मुलांचे काय, असे कोणी विचारील, आणि ते रास्त आहे. प्रौढ आणि मूल यांच्या शिकण्यात फरक आहे. पण तो फरक माझ्या म्हणण्याच्या बाजूने पडतो. स्वतःच्या पिकाचे भले ज्याला कळते त्या प्रौढालाही नुसते ऐकून पुरले नाही, तर अपूर्णांकाचा धडा सात वर्षांच्या मुलाला नुसता पाहून कसा पुरावा? दूरदर्शनचे मुंबई केंद्र १९७२ साली सुरू झाले, १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी उभी राहिली, आणि तीन दशके तिने शालेय कार्यक्रम बनवले. त्यांतले कित्येक उत्तम होते. पण ते पाहून झाल्यावर मुलाने कोणाशी बोलायचे, याची तजवीज त्या योजनेत नव्हती. १९५६ च्या प्रयोगातला निमंत्रक इथे गळाला होता. २०१७ साली बालचित्रवाणी बंद करण्यात आली. तीनच वर्षांनी राज्याला घरी बसलेल्या मुलांसाठी दूरचित्रवाणीवरच्या धड्यांची गरज पडली, हा योगायोग कडवट आहे.

मधल्या काळात ओव्याचे घरच बदलून गेले होते. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी लागणार असे ठरले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या बाजूला गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. शिक्षणाच्या बाजूने त्याकडे पाहिले तर एक बारीक गोष्ट दिसते. जमीन गेली, कुटुंब वाढले, आणि गावठाणाच्या भोवती ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ उभी राहिली. कागदोपत्री वादात सापडलेली, पण प्रकल्पग्रस्तांच्या पोटाचा आधार झालेली. जुन्या घराची ओटी बऱ्याच ठिकाणी भाड्याच्या खोलीत किंवा दुकानाच्या गाळ्यात गेली. त्या खोल्यांत राहायला आली ती बांधकामावर, तळोजाच्या कारखान्यांत, सेक्टरांतल्या घरांत काम करणारी कुटुंबे, महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली. म्हणजे ज्या जागेत बसून मूल मोठ्याने म्हणे आणि येणारा-जाणारा ऐके ती जागा आकसली, आणि ज्या शेजाऱ्यांना एकमेकांची मुले ठाऊक असत त्यांच्या जागी एकमेकांची भाषाही न कळणारे शेजारी आले. नव्या मुंबईच्या काठावरच्या गावांत कमीअधिक फरकाने हीच गोष्ट घडली. खारघर ‘शैक्षणिक नगरी’ म्हणून जाहिरातींत झळकत होते त्याच वर्षांत.

अशा घरांत २०२० चा फोन आला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दक्षिण रायगडात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. आणि १५ जूनला राज्याचे शैक्षणिक वर्ष पडद्यावर सुरू झाले. केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने जुलैत मर्यादा घातल्या: पहिली ते आठवीला दिवसात दोनच तासिका, त्याही तीस ते पंचेचाळीस मिनिटांच्या. ही मर्यादा शहाणपणाची होती. पण तिचा दुसरा अर्थ असा, की उरलेला सगळा दिवस घराच्या हवाली झाला होता, आणि घराने त्यात काय करायचे हे सांगायला फारसे कोणी पुढे आले नाही. सांगितले गेले ते भलतेच: मुलाला शांत कोपरा द्या, कानाला इयरफोन लावा, मध्ये बोलू नका. एका खोलीच्या घरात इयरफोन ही सोय आहे, हे खरेच. पण वहीने आईचे डोळे बाहेर ठेवले होते, इयरफोनने तिचे कानही बाहेर काढले. मूल समोर बसलेले, पडदा उजळलेला, आणि ते शिकते आहे की तिसऱ्याच खिडकीत खेळ खेळते आहे, हे दीड हातावरच्या माणसाला कळू नये, अशी अवस्था घरातल्या शिक्षणाच्या इतिहासात पहिल्यांदाच आली.

असर या पाहणीचे आकडे इथे उपयोगी पडतात. २०२० च्या सप्टेंबरात फोनवरून झालेल्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत, शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. पुढच्या वर्षी ते आणखी वाढले, पण फोन असलेल्या घरांतल्याही २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. फोन बापाबरोबर कामावर जात होता. २०२० च्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना घरातले कोणी ना कोणी अभ्यासात मदत करत होते, आणि जिथे आई-वडील दोघेही पाचवीच्या पुढे शिकलेले नाहीत तिथेही निम्म्याहून अधिक मुलांना ती मिळत होती. अशा घरांत मोठा भाऊ, मोठी बहीण यांचा वाटा मोठा होता. अर्धशिक्षित घर हात झटकून बसले होते हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. बेलसाहेबाने वाळूवर पाहिलेले थोरले-धाकटे कोणी न सांगता परत आले होते.

त्याच महिन्यांत महाराष्ट्रात दोन-तीन गोष्टी अशा घडल्या, की त्यांनी जुनी रीत नकळत उचलली. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. ध्वनिमुद्रित धडे कर्ण्यावरून लावायचे, मुले अंतर ठेवून भोवती बसलेली. नेट नको, फोन नको. पण त्यात एक जास्तीची गोष्ट होती: कर्ण्याचा धडा घराच्या भिंतीआड आईलाही ऐकू जात होता. सोलापूरच्या निलमनगरात, यंत्रमाग आणि शिलाईच्या कामगारवस्तीत, एका मराठी शाळेच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवले. मुले वर्ग सोडून गल्लीत उभी राहून वाचू लागली, मोठ्याने. आणि सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून ‘टिलीमिली’ सुरू झाली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची. तिच्यात फळ्यापुढचा मास्तर नव्हता. घरातल्या वस्तू घेऊन मुलांबरोबर काही करून पाहणारी मोठी माणसे होती. तिन्हींत साधन वेगळे, पण शिकणे उघड्यावर, चार माणसांच्या डोळ्या-कानांसमोर होते.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप घोकंपट्टीचा. मोठ्याने म्हणणे म्हणजे समजणे नव्हे. कित्येक पिढ्यांनी अर्थ न कळता पाढे म्हटले. मान्य. पण घराने ऐकायचे ते पाढेच असले पाहिजेत असे कुठे आहे? धडा संपल्यावर कानातले काढायचे आणि आज काय शिकवले ते आईला, आजीला, धाकट्याला आपल्या शब्दांत सांगायचे. झाडाची पाने हिरवी का, याचे उत्तर आईला माहीत नसले तर उलट बरेच. ती खरा प्रश्न विचारील. ‘मग पिवळे पान कशाने होते?’ या प्रश्नापुढे घोकलेले उत्तर उभे राहत नाही, समजलेले राहते. परवच्यात ताल तुटला की कळे, तसे सांगताना वाक्य तुटले की कळते. १९५६ च्या गावांत जे बोलण्याने घडले ते हेच.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. हे सगळे शेवटी बाईच्याच अंगावर पडते. सेक्टरातल्या चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या आईला ‘आता मुलाचे ऐक’ म्हणणे सोपे आहे, आणि सरकारने झटकलेली जबाबदारी तिच्या पदरात टाकण्यासाठी हा युक्तिवाद वापरलाही जाईल. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. शिकवणे हे शाळेचे काम आहे, त्याचा भार घरावर टाकता येत नाही. शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे तो याच तत्त्वावर. ऐकणे हे वेगळे काम, ते भाकरी थापताना होते, आणि त्याला पाव तास लागतो. शिवाय ऐकणारी आईच असली पाहिजे हा हट्ट इतिहासात कुठेच नाही. धवलारणीला मांडव ऐकत होता, फोरमला निमंत्रक होता. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे केले त्याचे मर्म इथेच आहे: मूल शाळेत येत नाही, आई रानात आहे, मग शाळा अंगणात न्या, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात न्या. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी फलकावर आहे, पण त्याचा उगम अंगणात बसून चारचौघांत शिकण्यात आहे. चाळीतल्या सहा मुलांना एका फोनभोवती, स्पीकर लावून बसवले आणि त्यांतल्या नववीतल्या मुलीला निमंत्रक केले, तर कोणा एका आईच्या माथी ओझे येत नाही. फोनही सहांऐवजी एक पुरतो. महापालिकेने किंवा शाळेने त्या मुलीला मानधन द्यावे, हेही मी म्हणेन.

तिसरा आक्षेप यंत्राच्या बाजूचा, आणि त्यात तथ्य आहे. ध्वनिचित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. परवच्याच्या आजोबांना मागे नेता येत नव्हते. आठवी-नववीच्या पुढचे मूल एकट्याने, कानात इयरफोन घालून, गणिताचा एकच धडा तीनदा पाहून शिकते, आणि ते चांगले शिकते. पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडमागे जे साहित्य आहे त्याचा खरा लाभ याच वयाला. तेव्हा माझे म्हणणे लहान वयापुरते, पहिली ते सातवीपुरते, आवळून घ्यायला मी तयार आहे. पण नेमकी हीच मुले सर्वांत जास्त काळ घरी होती, आणि ओव्याच्या बाबतीत त्याला एक कागदी कारणही होते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली तेव्हा नगरपालिकेच्या जुन्या हद्दीबरोबर २९ गावे तिच्यात घेतली गेली, त्यांत ओवे होते. गाव शहर झाले. गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा महापालिकेकडे कधी आणि कशा जायच्या, हा प्रश्न मात्र पुढे बरीच वर्षे रेंगाळला. शाळा जिल्हा परिषदेची, मूल महापालिकेचे. ४ ऑक्टोबर २०२१ ला राज्याने शाळा उघडल्या त्या दोन मापांनी: ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरी भागात आठवीपासून. त्या आदेशाप्रमाणे पनवेल तालुक्यातल्या हद्दीबाहेरच्या गावांतले पाचवीचे मूल त्या सोमवारी दप्तर घेऊन वर्गात बसायचे होते. शहरात मोजल्या गेलेल्या ओव्यातल्या पाचवीच्या मुलाला डिसेंबरपर्यंत त्याच खोलीत, त्याच पडद्यापुढे, कानात तेच इयरफोन घालून बसायचे होते.